दुसऱ्या भागात हापसा कोण दुरुस्त करणार?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला आणि मग रात्रभर डोक्यात फिरत राहिला म्हणून जरा लांबच लिहायलो. तुम्ही कादंबरीच्या पहिल्या भागात सगळं बंद पाडलं, लाईट गेली, डिझेल संपलं, दवाखाने ओस पडले, आणि चाळीसेक माणसं उदगीरच्या पलीकडं एका बंद साखर कारखान्यात येऊन तगली. आता दुसऱ्या भागात तीच माणसं गाव नव्यानं उभं करणार. तिसऱ्या वर्षी ट्रॅक्टर चालू, येलदरी धरणाच्या वीजघरातून लाईट आलेली, बोअरमधी मोटार सोडलेली, पोरांची शाळा भरलेली. आणि विचारलंय की यातलं पटण्यासारखं किती, आणि वाचक कुठं पकडेल.

मी कथा-कादंबरीतला माणूस नाही. हातपंप दुरुस्तीच्या पथकात २८ वर्षं काढली, लातूर जिल्ह्यातली बहुतेक गावं त्या गाडीतून बघितली, आणि कामाला लागून दोनच वर्षं झाली होती तेव्हा किल्लारीचा भूकंप झाला, तर गाव मोडणं आणि गाव पुन्हा बसणं हे दोन्ही डोळ्यानं बघितलेलंय. तेवढ्या अनुभवावर सांगतो.

पहिल्या भागात माणसं उरलेल्या वस्तूंवर जगतात. गोदामातलं धान्य, मेडिकलमधल्या गोळ्या, टाकीतलं डिझेल. दुसऱ्या भागात ते उरलेलं संपतं, आणि खरी गोष्ट तिथून सुरू होते असं मला वाटतं. तुमच्या लिखाणात मात्र ते संपतच नाही. ट्रॅक्टर तिसऱ्या वर्षी कशावर चालतो? डिझेल आपल्याकडच्या उन्हात पत्र्याच्या टाकीत वर्षभर धरलं तरी लई झालं, खाली पाणी आणि गाळ धरतो, फिल्टर जाम होतो. पेट्रोल तर काही महिन्यातच उतरतं.

तुम्ही म्हणाल करडईचं तेल घालू. चालतं, जुन्या काळ्या इंजिनात तर चांगलं चालतं, हँडल मारून सुरू होणारं ते पाच हॉर्सपॉवरचं इंजिन, आमच्या भागात त्याला पेटर म्हणतात. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं, त्यामुळं यात अशक्य काही नाही. पण हिशोब घाला ना. कोरडवाहू करडई एकरी चार क्विंटल धरा, लाकडी घाण्यावर क्विंटलला पंचवीसेक किलो तेल, म्हणजे एकरात शंभर किलो. त्यावर ते काळं इंजिन ऐंशी-पंच्याऐंशी तास चालेल. ट्रॅक्टर नांगराला लावला तर वीस-बावीस तासात तेवढंच पिऊन टाकतो. आणि तुमच्या चाळीस माणसांना नुसत्या फोडणीला वर्षाला अडीच क्विंटल तेल लागतं, म्हणजे अडीच एकर करडई पोटालाच गेली. मग पंचायत बसेल ना, की यंदाचं तेल कढईत का इंजिनात? हा एक सीन तुम्ही लिहा, आणि त्यात दोन्ही बाजू बरोबर आहेत असं लिहा, कारण खरंच दोन्ही बरोबर असतात.

आता बैल. पहिल्या भागात तुमच्या कारखान्याच्या आसपास एकही बैलजोडी दिसली नाही, आणि ते खरंच आहे, गावोगाव लोकांनी बैल विकून टाकलेत. पण आपला भाग देवणी आणि लाल कंधारीचा, चार गाई तरी कुणाच्या आखाड्यावर सापडतीलच. गाय गाभण राहून विणार नऊ महिन्यानं, गोऱ्हा जुवाला धरायचा म्हणजे तीन वर्षाचा झाला पाहिजे. मोजा. दुसऱ्या वर्षी ट्रॅक्टर थांबला आणि पहिली जोडी चौथ्या वर्षाच्या आधी तयार होत नाही. मधलं वर्ष माणसांनी कुदळीनं आणि खांद्यावर वखर ओढून काढायचं. तिसरं वर्ष हे उपाशी वर्ष आहे ताई. तुमच्या कादंबरीचं पोट तिथंय, आणि तुम्ही नेमकं त्याच वर्षी ट्रॅक्टर चालू केलाय.

येलदरीचंही सांगून टाकतो. तिथं साडेसात मेगावॅटचे तीन संच आहेत, मिळून साडेबावीस. चाळीस माणसांच्या दिव्याला एवढी मोठी टर्बाईन फिरवत बसणं तिच्याच तब्येतीला चांगलं नाही, आणि तिथून उदगीरपर्यंतची तार, खांब, ट्रान्सफॉर्मरचं तेल हे सगळं सांभाळायला जेवढी माणसं लागतील तेवढी तुमच्या कथेत जिवंत नाहीत. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की बघून या. डोंगरातलं पाणी मातीच्या नळातून नुसत्या उतारानं येतं आणि दगडी जातं फिरवतं. लाईट पाहिजेच असेल तर शेतातल्या सोलर पंपाच्या प्लेटा घ्या. प्लेटा वीस-पंचवीस वर्षं जातात, आधी मरतो तो कंट्रोलर, त्यातला कपॅसिटर फुगतो. म्हणजे रानात शंभर प्लेटा उन्हात उभ्या आणि एकही पंप चालेना, हे चित्र खरं आहे. दिवसा एखादी डीसी मोटार थेट लावून फिरवता येते, रात्रीचा मात्र अंधार, कारण बॅटऱ्या चार-पाच वर्षात गेलेल्या.

आता माझा विषय, पाणी.

तुमच्या कथेत पाणी पहिल्यापासून शेवटपर्यंत कमीच होत जातं. लातूरच्या माणसाला तसं वाटणं साहजिक आहे, १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली तेव्हा मी तिथं होतो, दहा वाघिणी, एकेकीत पन्नास हजार लिटर, आणि लोक त्या गाडीकडं बघून हात जोडायले होते. पण विचार करा, आपलं पाणी एवढं खोल का गेलं? आपल्याखाली काळा पाषाण आहे, त्याच्या पोटात साठा कमी, भेगांमधी जे मुरतं तेवढंच. तो एका चांगल्या पावसाळ्यात भरतो आणि शे-दोनशे मोटारी लागल्या की तेवढ्याच लवकर रिकामा होतो. मग बोअर पाचशे फूट, आठशे फूट. तुमच्या जगात सगळ्या मोटारी एका दिवशी थांबल्या. ऊस वाळून गेला. पाऊस मात्र थांबलेला नाही, मराठवाड्यात सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पडतोच. तर माझा २८ वर्षांचा अंदाज असाय की दोन-तीन पावसाळ्यात जुने आड बोलायला लागतील, बुजलेल्या बारवांना पाझर फुटेल, आणि जे हापसे आम्ही पाणी खाली गेलं म्हणून दांडा काढून सोडून दिले होते त्यांना परत पाणी येईल. दुष्काळात वाढलेली तुमची म्हातारी सकाळी उठून आडात डोकावते आणि पाणी तिला हाताएवढ्या अंतरावर दिसतं, ती कुणाला सांगत नाही, आधी खडा टाकून बघते. हे लिहा हो. सगळंच वाईट होणार असं नाही.

आणि हापसा. तुमच्या पाचशे पानात हापसा एकदाही आला नाही याचं मला खरंच वाईट वाटलं. बिगर लाईटचं, बिगर तेलाचं, प्रत्येक गावात, वाडीत, तांड्यावर, शाळेच्या अंगणात उभं असलेलं यंत्र. आणि ते आपल्याच मातीतलं आहे. साठच्या दशकात जालन्यात मिशनच्या लोकांनी लोखंडी पंपाचं काम सुरू केलं, त्याला जालना पंपच म्हणायचे, मग सोलापूर पंप आला, आणि त्याच्यावरून सत्तरच्या दशकात युनिसेफच्या मदतीनं इंडिया मार्क टू तयार झाला जो पुढं जगभर गेला. आफ्रिकेतल्या खेड्यातली बाई जो दांडा मारते त्याचं मूळ जालन्यात आहे. तुमची कथा मराठवाड्यात घडते तर हे तुमच्या हातात आयतं आलेलं आहे.

आता तो बंद कसा पडतो ते सांगतो, कारण कथा तिथंच आहे. वर दांडा, दांड्याला साखळी, साखळीला सळया, एकेक तीन मीटरची, त्या पाईपातून खाली जातात, आणि तळाशी पितळी अस्तराचं सिलिंडर. सिलिंडरात दट्ट्या, आणि दट्ट्यावर वाटीसारखे दोन वायसर. सगळं पाणी त्या दोन वाट्यांच्या कडेवर उचललं जातं. चांगल्या हापशाला ४० दांडे मारले की बारा ते पंधरा लिटर पाणी पडलं पाहिजे. आठवर आलं की समजायचं वायसर गेला. गावाच्या रेट्यात तो वर्ष-दीड वर्ष टिकतो. आम्ही तालुक्याच्या स्टोअरमधून खोकं आणायचो, पाईप उपसायचो, शंभर फुटाचा असला तर सळया, पाणी धरून दीडशे किलोच्या घरात वजन जातं, सहा-सात माणसं आणि घोडा लागतो, घोडा म्हणजे तिकाटणं. एखादा पाईप हातातून सुटून बोअरमधी गेला की ते बोअर मेलं. माझ्यासमोर एकदा गेलाय, एका वाडीतला एकुलता एक हापसा, आणि त्या दिवशी बायांच्या तोंडाकडं बघायची हिंमत झाली नाही मला.

हे वायसर आता नायट्राईल रबराचे येतात. रबर तुमच्या जगात बनत नाही. स्टोअरमधलं खोकं किती दिवस पुरणार, पुरलं तरी ते पडून पडून कडक होतंय. मग काय? मग चामडं. आधी वायसर चामड्याचेच होते, मी लागलो तेव्हा जुनी माणसं ते कसे बसवायचे ते सांगायची. बैलाचं नाहीतर म्हशीचं जाड चामडं, ओलं करून साच्यात दाबून वाटी करायची, सावलीत वाळवायची, मग गरम चरबीत नाहीतर मेणात बुडवायची. पण त्यासाठी आधी कातडं कमवलेलं पाहिजे. चुन्याच्या पाण्यात घालून केस काढायचे, मग बाभळीची साल, तरवडाची साल, कुंडात दिवसच्या दिवस. बाभूळ आणि तरवड आपल्याकडं बांधाबांधावर, चुनखडी ओढ्यात. म्हणजे माल सगळा इथला. हात कुठंयत?

आणि इथं ताई तुम्हाला खरं बोलावं लागेल. हे काम कुणी केलं आपल्याकडं? ज्यांना गावानं वेशीबाहेर ठेवलं त्यांनी. मेलेलं ढोर ओढायचं, कातडं काढायचं, कमवायचं, मोट शिवायची, आणि त्याच मोटंनं ज्या विहिरीतून पाणी वर यायचं त्या विहिरीला हात लावायचा नाही. विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९७८ ते १९९४ इथं काय काय झालं, किती घरं जळाली, हे मराठवाड्यात कुणाला सांगायची गरज नाही. तुमच्या हस्तलिखितात एक वाक्य आहे की गाव पुन्हा उभं राहिलं आणि 'बारा बलुतेदार आनंदानं नांदू लागले'. ते काढा, माझी हात जोडून विनंती आहे. बलुतेदारी आनंदाची नव्हती ती, वरून बघणाऱ्याला तशी दिसत होती.

त्यापेक्षा हा पेच घ्या. हापसा बंद, रबर संपलं, चाळीस माणसात एकच माणूस आहे ज्याच्या आज्ज्यानं कातडं कमवलं होतं. त्याच्या बापानं मुद्दाम ते काम सोडलं, पोराला शिकवलं, आयटीआय केलं. आता सगळे त्याच्या तोंडाकडं बघायलेत. त्यानं का करावं? आणि केलंच तर एकट्यानं का करावं? तो म्हणतो मी शिकवतो, पण प्रत्येक घरातला एक माणूस कुंडात हात घालायला आला पाहिजे, पाटलाच्या घरचापण. नाहीतर नको. आणि कुणी तरी उठून जातंच तिथून, कोण जातं ते तुम्ही ठरवा. माझ्यामते तुमच्या पूर्ण दुसऱ्या भागाचा कणा हाच होऊ शकतो, नवं गाव नवं झालं का जुनंच परत बसलं हे त्या कुंडापाशी कळतं.

हे मी हवेत बोलत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली आणि वरून माळवदाची माती न् दगड. आम्ही पोचलो तेव्हा ओळखीच्या गावात गाडी कुठल्या गल्लीत घालावी कळेना कारण गल्लीच नव्हती. नंतर पत्र्याच्या शेडवस्त्या झाल्या, तिथं आम्ही हापसे बसवत होतो, दिवसाला दोन-दोन. पहिले आठ-पंधरा दिवस कुणी कुणाची जात विचारली नाही, एका पंगतीला बसली माणसं, एकमेकांच्या गळ्यात पडून रडली. मग शेडची वाटणी सुरू झाली, आणि एके सकाळी एका वस्तीत हापशाला दोन रांगा दिसल्या. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी भांडलं नव्हतं, नुसत्या दोन रांगा. मी तेवीस वर्षाचा होतो, हातात पान्हा धरून उभा राहिलो, काय बोलावं सुचलं नाही. आजपर्यंत मला ते टोचतं. तुमच्या माणसांना तरी बोलायला लावा.

किल्लारीचं अजून एक वापरा. ५२ गावं पूर्ण उठवून नव्या जागी वसवली. रस्ते रुंद, घरं ओळीत, भिंती भूकंपाला टिकतील अशा. पण एक आजी मला म्हणली होती, गाव मोठं झालं बाबा पण हाक ऐकू येईना. गुरं बांधायला जागा नाही, खळं लांब, शेजार बदललेला. आणि माणसं कित्येक महिने पक्क्या छताखाली झोपायला तयार नव्हती, पावसात पण पत्र्याखालीच. तुमची माणसं कारखान्याच्या एवढ्या मोठ्या काँक्रीटच्या इमारतीत निवांत झोपतात ते मला जरा खटकलं, त्यांनी पहिल्या भागात जे भोगलंय त्याच्यानंतर झोप अशी येत नसते.

बियाण्याचं थोडक्यात सांगतो, तो माझा विषय नाही पण शेतकऱ्याचं पोरगं आहे. तुम्ही कापसाची सरकी धरून पुढल्या वर्षी पेरली. संकरित कापसाचं दुसऱ्या पिढीत एक झाड एक, दुसरं झाड एक असं होतं, भरवसा नाही. सोयाबीनचं घरचं बी चालतं पण त्याची उगवण लवकर पडते, पोतं आपटलं तरी मार बसतो, म्हणून गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून आधी बघतात, सत्तर उगवले तर पेरायचं. जेवारी मात्र मालदांडी असली तर निवांत, चांगली कणसं निवडून बाजूला ठेवायची, आणि हे काम आमच्याकडं आईच करायची, बाप कधी त्या उतरंडीला हात लावायचा नाही. तर बियाण्याचं ज्ञान तुमच्या कथेत बायांकडं द्या, आत्ता ते एका कृषी पदवीधर पोराकडं दिलंय. पेव, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा, तो उघडण्याचा एक प्रसंग पण घाला, धान्याच्या पेवात विषारी हवा धरते, जुनी माणसं आधी दिवा सोडून बघायची, विझला तर उतरायचं नाही. हे माहीत नसलेलं शहरातलं पोरगं उतरलं तर काय होईल तुम्हाला कळलंच असेल.

आणि प्रवास पाहिजे म्हणला होता ना तुम्ही दुसऱ्या भागात, तर मुंबईला कशाला पाठवायलाव माणसं? हैदराबादच्या अलीकडं पटणचेरूला इक्रिसॅट आहे, कोरडवाहू पिकांचं आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्र, १९७२ पासूनचं. ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग, म्हणजे आपलंच सगळं, याच्या हजारो जातींचं बी तिथं उणे वीस अंशात जपलेलंय. लाईट गेल्यावर ती खोली गरम होणार. पाकिटात सुकवून बंद केलेलं बी लगेच मरत नाही, पण भुईमूग आधी जाईल, जेवारी-हरभरा जास्त दिवस धरेल. उदगीर, बीदर, जहिराबाद, पटणचेरू, बैलगाडीनं एका बाजूला आठवडाभराची वाट. आणि उशीर प्रत्येक महिन्याला महाग पडतोय. यापेक्षा चांगली घाई मला तरी सुचत नाही.

वाटेत मिठाचा विचार करा. आपल्याकडं समुद्र नाही. पूर्वी लमाण तांडे बैलांच्या पाठीवर मीठ आणायचे कोकणातून घाट चढून. मीठ संपलं की जुलाब झालेलं लेकरू दगावतं, कारण लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि तसाच अर्धा चमचा मीठ एवढ्यावर ते वाचत असतं. साखर कारखाना चाळीस माणसांनी चालत नाही, पण बैलाच्या चरख्यावर गुऱ्हाळ चालतं, तर गोड आहे, मीठ नाही. तुमच्या माणसांना कोकणाशी बोलावंच लागेल, एकट्या गावाचं स्वराज्य होत नाही.

कारखान्याचा वर्कशॉप मात्र सोडू नका. लेथ आहे तिथं, काळ्या इंजिनाला पट्टा लावून फिरवता येतो, सिलिंडरचं अस्तर, सळयांचे आटे, सगळं होतं. ट्रकच्या कमानीचे पाटे गोळा करा, लोहाराला खुरपी, विळे करायला त्याच्यासारखं पोलाद नाही, आणि बाभळीचा कोळसा त्याला पुरतो.

शेवट तुम्ही दिवे लागण्यावर केलाय. तो मला तुमच्या माणसांचा वाटला नाही, पाहुण्याचा वाटला. पहिल्या भागात ती मुकी झालेली पोरगी आहे ना, जिची आई वाटेत गेली, तिला पुढं आणा. आमच्या पथकाच्या वाटेवर एका वाडीत एक मावशी होत्या, शाळा शिकलेल्या नाहीत, पण हापशाच्या आवाजावरून सांगायच्या की साखळीला ग्रीस नाही, बेअरिंग वाजायलंय, वायसर चालला. आम्ही गेलो की त्याच आधी पान्हा घ्यायच्या. तुमच्या पोरीला तसं करा. रोज पहाटे ती घागर लावते आणि दांडे मोजते, चाळीस. एक दिवस घागर भरत नाही. ती परत मोजते. मग कुंडाकडं जाते, आणि तिथं कुणाकुणाचे हात चुन्यानं पांढरे झालेत ते बघते, आणि इतक्या दिवसात पहिल्यांदा तोंडातून शब्द काढते, 'वायसर गेला.'

सिलिंडर आतून बघायचं असेल तर माझ्याकडं एक जुनं पडलेलंय घरी, चामड्याची एक वाटी पण जपून ठेवलीय. या कधी पण, खोलून दाखवतो, हात काळे करायची तयारी ठेवून या.